खेळबाई आणि खिडकीतलं मांजर

खेळबाईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि ते भांडण मीच काढलं होतं.

मी हॉस्पिटलचा सुतार. खाटांची चाकं, दारांच्या कड्या, कपाटांच्या बिजागऱ्या, डुगडुगणारी टेबलं, सगळं माझ्याकडे. दुसऱ्या मजल्याच्या टोकाची खोली बावीस वर्षं माझी होती, म्हणजे माझ्या भंगाराची. त्यात मोडक्या खाटा होत्या, तीन पायांच्या खुर्च्या होत्या, आणि कधीतरी लागतील म्हणून जिवापाड जपलेल्या फळ्या होत्या. एका सोमवारी कामावर येतो तर हे सगळं व्हरांड्यात, आणि खोलीत एक ठेंगणी बाई पळायचे बूट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून भिंतीचं माप घेतेय. तेही माझ्याच टेपने.

"हे काय चाललंय?" मी आवाज चढवला.

"बरं झालं आलात, मिस्त्री. टेपचं हे टोक धरा जरा."

आणि मी धरलं. आजतागायत मला कळलेलं नाही का धरलं ते. भांडण त्यानंतर अर्धा तास चाललं, पण टेपचं टोक हातात धरून भांडणाऱ्या माणसाचं कोण ऐकतं? खोली गेली. वर दारावरची पाटी मलाच रंगवायला लागली: 'मनोरंजन उपचार विभाग'. रंगवताना माझ्या तोंडाचा पट्टा चालूच होता. मनोरंजन आणि उपचार हे दोन शब्द एका पाटीवर कसे काय बसतात? लोक इथे बरे व्हायला येतात की पत्ते कुटायला?

पाटीवरचं नाव कुणी कधी उच्चारलं नाही. आठवड्याभरात पेशंटांनी त्यांना खेळबाई करून टाकलं. त्याआधी अठरा वर्षं त्या एका शाळेत खेळाच्या बाई होत्या. शिट्टी तेव्हाची. ती त्यांनी वॉर्डात कधी वाजवली नाही, पण गळ्यातून काढलीही नाही.

आमचा वॉर्ड म्हणजे मोठं दुखणं उरकल्यावरचा. ऑपरेशन झालेलं असतं, जीव वाचलेला असतो, आता माणसाला परत उभं करायचं. डॉक्टर विचारतात, कुठे दुखतंय? व्यायामवाल्या बाई विचारतात, किती वाकतंय? खेळबाईंची पद्धत निराळी. त्या खाटेशेजारी स्टूल ओढायच्या, वही उघडायच्या आणि विचारायच्या, "कशात असलात की जेवायचं भान राहायचं नाही तुम्हाला?" उत्तर आलं की ते वहीत लिहायच्या आणि तडक माझ्या वर्कशॉपमध्ये यायच्या. माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटायला.

एक बस ड्रायव्हर होता. साखरेच्या आजाराने पाय गुडघ्याखाली गेलेला. नवा पाय बसवला तर तो त्यावर उभाच राहीना, दुखतो म्हणे. खेळबाईंना त्याने सांगितलं की डेपोच्या मागे त्याची कुंड्यांची रांग होती. झालं. मला छातीइतक्या उंचीची लांबट पेटी करायला सांगितली, पायांवर उभी, मातीने भरलेली. "इतकी उंच कशाला? बसून माती उकरेल की," मी म्हणालो. "म्हणून तर उंच," त्या म्हणाल्या. पहिल्या दिवशी ड्रायव्हर तीन मिनिटं उभा राहिला. तिसऱ्या आठवड्यात टोमॅटोला फुलं आली तेव्हा तो चाळीस मिनिटं उभा होता आणि वर मलाच शिकवत होता की पेटीला भोकं कमी पाडलीत.

दुसऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. दोन्ही हात थरथरायचे. भान हरपण्याचा प्रश्न ऐकून त्या म्हणाल्या, "वेळ वाया घालवायची सवय नाही मला." तीस वर्षं त्यांनी मुलांच्या दप्तरातून पत्ते जप्त केले होते. खेळबाईंनी त्यांच्यासमोर तेच ठेवले. पत्ते हातात ठरत नाहीत म्हणून मी लाकडाची एक पट्टी केली, मधोमध खाच, पत्ते त्यात उभे राहतात. महिन्याभराने पाहिलं तर पट्टी कपाटावर धूळ खात पडलेली आणि मोठ्या बाई हातात तेरा पत्त्यांचा पंखा धरून समोरच्याला सांगतायत, "लक्ष कुठाय तुमचं?"

हे सगळं मी बघत होतो, पण कबूल करत नव्हतो. खोलीचा राग होता ना.

मग दादाला झटका आला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून बसला की समोर कोण आलं, कोण गेलं, त्याला पत्ता नसायचा. उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण कळायचं. दोन आठवड्यांनी त्याला आमच्या वॉर्डात आणलं आणि डॉक्टरांनी मला आणि वहिनीला समोर बसवून स्वच्छ सांगितलं: महिनाभर ठेवतो. महिन्यात हाताने जेवायला लागले आणि जिना चढायला लागले तर घरी न्या. नाहीतर कायमच्या शुश्रूषागृहात हलवावं लागेल.

दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वहिनी एवढीशी, दादाच्या खांद्यालाही लागत नाही. ती त्याला उचलणार कशी? मूलबाळ नाही. मी एकटा जीव, वर्कशॉपच्या मागच्या खोलीत राहणारा, तिथे माझीच खाट तिरकी टाकावी लागते. एकेचाळीस वर्षं दोघं एका घरात राहिली होती. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर वहिनीने मला एकच विचारलं, "तिथे मला रोज भेटू देतील का हो?"

आणि दादा? दादाने भिंतीकडे तोंड केलं होतं. डॉक्टर म्हणाले, उजव्या हातात थोडी ताकद परत आलीय, पण ते तो हात वापरतच नाहीत. व्यायामवाल्या बाई आल्या की हा डोळे मिटायचा. वहिनीने चमचा उजव्या हातात दिला की तो गादीवर पडू द्यायचा. "मेलाय तो हात," म्हणायचा. "सोड."

शेवटी मी माझा सगळा ताठा खुंटीला टांगून खेळबाईंच्या खोलीत गेलो.

"घड्याळ द्या त्याला," मी म्हणालो. "घड्याळ पुढ्यात आलं की तो जेवणच काय, स्वतःचं नाव विसरतो."

त्या जरा थांबल्या. काहीतरी बोलणार होत्या, पण बोलल्या नाहीत. "आणा," म्हणाल्या.

मी वॉर्डातलं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. स्क्रू-ड्रायव्हरला लेथवर जाड लाकडी मूठ करून बसवली, पकडायला सोपी जावी म्हणून. दादाला चाकाच्या खुर्चीतून आणलं, टेबलावर पांढरा कपडा अंथरला, वहिनीने त्याचं जुनं भिंग घरून आणलं होतं. दादा उठून बसला. डोळ्यांत जान आली. मी मनात म्हटलं, बघा, खेळबाई, हा माझा इलाज.

डाव्या हाताने त्याने मागचं झाकण काढलं. उजवा हात स्क्रू-ड्रायव्हरवर ठेवला. मूठ वळेना. परत ठेवला. बोटं नुसती घसरली. डाव्याने प्रयत्न केला तर एवढासा स्क्रू उडाला आणि फरशीवर घरंगळत गेला. दादाने एकदा त्या घड्याळाकडे पाहिलं आणि डाव्या हाताच्या एका फटक्यात सगळं टेबल साफ केलं. भिंग भिंतीवर जाऊन फुटलं.

"काय काय जमत नाही, ते दाखवायला आणलंत मला?" तो म्हणाला.

त्यानंतर चार दिवस तो एक शब्द बोलला नाही. जेवणही अर्धंच. महिन्यातले चौदा दिवस असे गेले.

पाचव्या दिवशी खेळबाई वर्कशॉपमध्ये आल्या आणि लाकडाच्या ओंडक्यावर बसल्या. पहिल्यांदाच काही मागायला आल्या नव्हत्या.

"चूक माझी आहे, मिस्त्री. माणूस ज्यात उस्ताद होता ते त्याच्यापुढे आधी कधी ठेवायचं नसतं. त्यात त्याला फक्त गेलेलं दिसतं. मला हे माहीत होतं. तुमचा उत्साह बघून मोह झाला."

"म्हणजे माझीच चूक," मी म्हणालो.

"अर्धी तुमची, अर्धी माझी." मग थोडा वेळ भुश्शात बुटाने रेघा ओढत बसल्या. "माझे वडील कमरेचं हाड मोडून पडले होते. तीन महिन्यांत हाड जुळलं, डॉक्टर खूश. पण ते दिवसभर पंख्याकडे बघत पडून असायचे. आणि त्यांना कॅरमचं वेड! कॅरम माळ्यावर होता. खाली काढावा हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्यासुद्धा. आणि मी तेव्हा शाळेत दोनशे मुलांना खेळ शिकवत होते. हाड जुळूनही ते उठलेच नाहीत, मिस्त्री. तसेच गेले."

मी रंध्याची पाती पुसत बसलो.

"तुमचा भाऊ कशात उस्ताद नव्हता?" त्यांनी अचानक विचारलं.

"दादा? सगळ्यात होता. एक सापशिडी सोडून." आणि मग माझं जे सुरू झालं! पन्नास वर्षांचं साचलेलं. लहानपणी दादा माझ्याशी सापशिडी खेळायचा आणि दर वेळी लबाडी करायचा. त्याची पाळी आली, पुढे साप दिसला, की म्हणायचा, "ते बघ, खिडकीत मांजर!" मी वेडा दर वेळी बघायचो. मांजर नसायचं, आणि दादाची सोंगटी सापाच्या तोंडापुढे एक घर सरकलेली असायची. मी बोंब मारायचो, तर साळसूद चेहरा करून म्हणायचा, "मी? आईची शपथ!" आई त्याचीच बाजू घ्यायची. हे सांगताना मी चांगलाच तापलो. टेबलावर हातोडा आपटला. खेळबाई मात्र ऐकता ऐकता हसायला लागल्या होत्या.

"कुठल्या हाताने सरकवायचा?"

"उजव्या. करंगळीने. वरून नुसता हात टेकवल्यासारखा दिसायचा, चोर."

"साडेतीन फुटांचा सापशिडीचा पट करा," त्या उठत म्हणाल्या. "सोंगट्या बाटलीएवढ्या जाड. फासा मुठीएवढा."

मी तीन दिवसांत केला. प्लायवुडवर शंभर घरं, साप हिरवे, शिड्या लाल. फाशाला चहूबाजूंनी जाड कापड चिकटवलं, आवाज होऊ नये म्हणून. साप काढताना माझा हात जरा जास्तच मोकळा सुटला. नव्वदच्या पुढे तीन साप एका रांगेत, एक एक घर सोडून बसवले.

दादाला उठवायचं कसं, हा प्रश्न होता. खेळबाई त्याच्या खाटेशी उभ्या राहिल्या आणि भिंतीला सांगावं तशा म्हणाल्या, "मिस्त्री म्हणतात, सापशिडीत तुम्ही त्यांच्याशी एकदासुद्धा सरळ जिंकला नाहीत."

भिंतीकडचं तोंड वळलं. "खोटारडा आहे तो," दादा म्हणाला.

खेळायला चौघं: दादा, मोठ्या बाई, ड्रायव्हर आणि मी. खेळबाईंनी दादाची खुर्ची अशी लावली की डावा हात भिंतीकडे आणि उजवा पटाच्या कडेला पडलेला राहील. हाताबद्दल मात्र एक अक्षर बोलल्या नाहीत. दादा डाव्या हाताने कसाबसा फासा टाकायचा, सोंगटी त्याच्या वतीने खेळबाई पुढे न्यायच्या. रोज दुपारी चार वाजता एक डाव. पहिल्या दिवशी दादा हरला, दुसऱ्या दिवशी हरला. तिसऱ्या दिवशी हरल्यावर म्हणाला, "फासा खराब आहे. सुतारकाम बघा कसलंय." मला इतका आनंद झाला की मी भांडायचंच विसरलो. पण हात तसाच पडलेला. महिन्याचे दहा दिवस उरले होते. वहिनी रोज चारला यायची, दाराशी बसायची, आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून बोटांवर दिवस मोजायची.

चौथ्या दिवशी दादा पहिल्यांदा पुढे होता. सोंगटी शहाऐंशीवर. फाशात पडले पाच. म्हणजे एक्याण्णव, म्हणजे साप, म्हणजे थेट चौतीस. ड्रायव्हरला हसू आवरेना. मोठ्या बाई चष्मा पुसत होत्या. मी पाण्याची बाटली उघडत होतो. आणि खेळबाई, ज्यांनी सोंगटी पुढे न्यायची, त्या उठून खिडकीशी गेल्या होत्या आणि बाहेर बघत होत्या. बराच वेळ बघत होत्या.

"थांबा," मोठ्या बाई म्हणाल्या. चष्मा डोळ्यांवर आला होता. "शहाऐंशी आणि पाच किती?"

"एक्याण्णव," ड्रायव्हरने वर्गातल्यासारखं उत्तर दिलं.

"मग सोंगटी ब्याण्णववर कशी?"

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. दादाचा चेहरा साळसूद. तोच, आईला फसवणारा.

"मी?" तो जड जिभेने म्हणाला. "माझा हात तर मेलाय. डॉक्टरांना विचारा."

आणि तो मेलेला हात पटावर होता. करंगळी अजून सोंगटीच्या बुडाला टेकलेली होती.

"चोर!" मी ओरडलो. "पन्नास वर्षं... चोर साला..." दाराशी वहिनी उभी राहिली होती, तोंडावर पदर नाही, हात नाही, नुसती उघड्या तोंडाने बघत. दादाने खाली पाहिलं. आपल्याच हाताकडे असं पाहत राहिला की जणू दुसऱ्याच कुणाचा हात पटावर येऊन पडलाय. मग त्याला हसू फुटलं. अर्ध्याच चेहऱ्याने, वाकडं, पण पोट हलेपर्यंत.

मोठ्या बाईंना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. तीस वर्षांची शिस्त होती ती. "लबाडी ती लबाडी," त्या म्हणाल्या. "ज्या हाताने पुढे नेली, त्याच हाताने मागे न्यायची. एक्याण्णववर, आणि तिथून सापावरून चौतीसवर. सगळी वाट. आम्ही थांबतो."

ती शिक्षा चार मिनिटं चालली. सोंगटी इंचा-इंचाने सरकत होती. सापाच्या दुसऱ्या वळणावर ती आडवी पडली. मी पुढे झालो तर मोठ्या बाईंनी बोट वर केलं, आणि मी जागेवर बसलो. दादाने ती चारही बोटांनी कवटाळून उभी केली. कपाळावरून घाम गळत होता. चौतीसवर पोचली तेव्हा ड्रायव्हरने टाळ्या वाजवल्या, आणि दादा त्याच्यावर खेकसला, "हरतोय मी, टाळ्या कसल्या वाजवता?"

तेव्हा कुठे खेळबाई खिडकीपासून वळल्या. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. हळूहळू माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खोली रिकामी झाल्यावर मी त्यांना गाठलं. "एवढं काय बघत होतात बाहेर?"

"मांजर होतं," त्या म्हणाल्या आणि वहीत लिहायला लागल्या.

पुढचं सगळं सोपं होतं असं मी म्हणणार नाही. दादा दोनदा पडला, व्यायामवाल्या बाईंशी कडाकडा भांडला. पण भिंतीकडे तोंड केलं नाही. हात जिवंत आहे हे त्याला कुणी सांगून पटलं नसतं, ते त्याने स्वतःला चोरी करताना पकडलं म्हणून पटलं. खेळबाई जिन्यावरही फासा घेऊन जायच्या. सहा पडले तर सहा पायऱ्या, आणि सहा पडावेत म्हणून दादा काय काय युक्त्या करायचा, ते मी लिहीत नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी डॉक्टरांसमोर त्याने जिना चढून दाखवला आणि उजव्या हाताने, चमच्याने जेवून दाखवलं. निम्मं अंगावर सांडलं. डॉक्टर म्हणाले, चालेल, घरी जा.

घराच्या चोपन्न पायऱ्या चढायला त्याला पस्तीस मिनिटं लागली. मी मागे, वहिनी पुढे. दार उघडल्यावर ती आत जाऊन आधी रडून घेऊन आली आणि मग चहा टाकला. दोन महिन्यांनी दादाने स्वतःच वॉर्डातलं ते घड्याळ मागून घेतलं. आता ते चालतं, रोज सात मिनिटं पुढे जातं, आणि नर्सबाई त्याच्या नावाने बोटं मोडतात.

माझी खोली मला परत मिळाली नाही. मागितलीही नाही. खेळबाईंची मागणी दर आठवड्याला असते. सध्या एका आजोबांसाठी पतंगाची फिरकी करतोय, एका हाताने फिरवता येईल अशी. पाटीचा रंग उडाला होता, तो मागच्या महिन्यात न सांगता नव्याने दिला.

रविवारी दुपारी मी दादाकडे जातो. साडेतीन फुटांचा तो पट खेळबाईंनी त्यालाच देऊन टाकला, आता दादाच्या जेवणाच्या टेबलावर मावत नाही म्हणून जमिनीवर मांडतो. वहिनीही खेळते. दादाची पाळी येते, फासा पडतो, तो घरं मोजतो आणि पुढे साप दिसतो.

"ते बघ," तो जड जिभेने म्हणतो, "खिडकीत मांजर."

मी उठतो, खिडकीशी जातो आणि नीट बाहेर बघतो. समोर एक भिंत आहे आणि पाण्याची टाकी आहे. मागे पटावर सोंगटी घासल्याचा आवाज येतो. तो थांबेपर्यंत मी बघत राहतो.